मॉर्निंग ग्लोरी डिस्क असलेल्या चार वर्षांच्या मुलीचा पडदा किती दिवसांनी आणि कसा तपासावा?

प्रश्न · नेत्र_ग्रामीण

नमस्कार. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीच्या तपासणीतून चार वर्षांची एक मुलगी तिरळेपणासाठी पाठवली. उजवा डोळा नाकाकडे वळलेला. ली चित्रांवर (लहान मुलांच्या नजरेचा चित्रतक्ता) डाव्या डोळ्याची नजर ६/९. उजव्या डोळ्याने सर्वांत मोठे चित्र एक मीटरवरून कसेबसे ओळखते. उजवीकडे आरएपीडी (उजेड टाकल्यावर त्या डोळ्याकडून बाहुल्या कमी आकसणे, म्हणजे नस किंवा पडद्याच्या दोषाची खूण) ठळक आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी बाहुली मोठी करून फोटो काढले. डिस्क (डोळ्याच्या मागे नस सुरू होते ती जागा) मोठी, नरसाळ्यासारखी खोल, मध्यभागी पांढरट पुंजका, भोवती रंगद्रव्याचे कडे, रक्तवाहिन्या संख्येने जास्त आणि सरळ बाहेर धावणाऱ्या. मॉर्निंग ग्लोरी डिस्क (डिस्कचा जन्मजात दोष) असे निदान लिहिले आहे. पडदा (रेटिना) सध्या जागेवर आहे. चिठ्ठीवर 'सहा महिन्यांनी दाखवा' एवढाच शेरा.

पडदा सरकण्याचा धोका या डोळ्यात असतो हे माहीत आहे. पण नेमके किती दिवसांनी बघायचे? मोठ्या केंद्रात काय करून घ्यायचे, आणि माझ्याकडे काय करता येईल? माझ्याजवळ रेटिनोस्कोप (उजेडाच्या रेषेने डोळ्याचा नंबर काढायचे साधन), डायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आत पाहायचे साधन), ट्रायल सेट आणि थेंब आहेत. ओसीटी (पडद्याचे बारीक छेद दाखवणारे स्कॅन) नाही, बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) नाही. आईवडील शेतमजूर आहेत, समजूतदार आहेत, वही ठेवायला तयार आहेत. मेंदूचा एमआरआय खरोखर लागतो का, हेही सांगा. तो काढायला भूल द्यावी लागेल म्हणून घरचे घाबरले आहेत.

उत्तर · पडदा_विट्रियस

मॅडम, ही मुलगी पडदा सरकल्याचे सांगणार नाही, हे धरूनच सगळी आखणी करा. डावा डोळा चांगला पाहतो, त्यामुळे उजव्यापुढे अंधार आला तरी तिच्या खेळण्या-चालण्यात काही फरक पडत नाही. मोठी माणसे 'डोळ्यापुढे सावली आली', 'चमकते' म्हणत येतात. इथे तक्रारीची वाट पाहिली तर पडदा पूर्ण सरकून, घड्या पडून, ताठर झाल्यावरच मूल समोर येते. म्हणून तपासणी तारखेवर व्हायला हवी, आणि उजव्या डोळ्याची तुलना त्याच डोळ्याच्या मागच्या नोंदीशी व्हायला हवी.

धोका किती? वेगवेगळ्या रुग्णमालिकांत मॉर्निंग ग्लोरीच्या साधारण २६ ते ३८ टक्के डोळ्यांत कधी ना कधी पडदा सरकलेला आढळतो. सुरुवात बहुतेक वेळा डिस्कच्या भोवतीच होते. खोलगट डिस्कमधल्या सदोष उतीतून विट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा भाग), पडद्याखालची जागा आणि मेंदूभोवतीच्या पाण्याची जागा यांच्यात वाट राहिलेली असते. काही डोळ्यांत खोलगट भागात किंवा त्याच्या कडेला बारीक छिद्रही असते. डिस्कमधल्या पांढऱ्या ग्लायल (आधार देणाऱ्या) उतीत ते सहसा दिसत नाही, त्यामुळे 'छिद्र दिसले नाही' या वाक्याने कोणाचेही समाधान होऊ नये.

म्हणून २० डायॉप्टरच्या भिंगाने इनडायरेक्ट (समोर भिंग धरून पडद्याची तपासणी) करताना परिघाकडे घाई करू नका. आधी डिस्कची कड पूर्ण फिरून पाहायची. कडेलगतचा पडदा राखाडी दिसतो का, कडेवरून जाताना रक्तवाहिनी उचलल्यासारखी किंवा वाकलेली दिसते का, रंगद्रव्याचे कडे मागच्या फोटोइतकेच स्पष्ट आहे का? पाणी साचले की कड्याची बाहेरची रेघ पुसट होते. मग मॅक्युला (पडद्याचा स्पष्ट नजरेचा मध्यभाग). मग खालचा भाग, कारण पाणी तिकडे उतरते. परिघ शेवटी. प्रत्येक वेळी चित्र काढायचे आणि फोटोही घ्यायचा. फोटोत उंचसखलपणा कळत नाही, चित्र काढताना मात्र डोळ्याला ठरवावेच लागते.

काही मॉर्निंग ग्लोरी डिस्क आपोआप आकुंचन पावतात, मग सैल होतात. पाच मिनिटांच्या अंतराने दोन फोटो वेगळे दिसले तर लगेच 'वाढले' असे लिहू नका. थोडा वेळ थांबून परत पाहा.

ओसीटी चार वर्षांच्या मुलात बहुधा जमते. फक्त मॅक्युलाचे स्कॅन काढून पाठवणे पुरेसे नाही. डिस्कच्या कडेवरून आतबाहेर जाणाऱ्या रेषा हव्यात, सहा तरी, आणि यंत्रातली जुन्या जागीच पुन्हा स्कॅन घेण्याची सोय पहिल्या भेटीपासून चालू ठेवायला हवी. खोलगट डिस्कमध्ये नेहमीची चूक म्हणजे प्रतिमा खिडकीच्या वरच्या किंवा खालच्या काठाला आपटून उलटी दुमडते आणि तो भाग पडदा उचलल्यासारखा भासतो. कडेचा भाग खिडकीच्या मध्यावर आणून पुन्हा काढला की शंका मिटते.

बी-स्कॅन मूल सहकार्य करत नसेल किंवा आतले दिसत नसेल तेव्हा. मिटलेल्या पापणीवरून, जेल भरपूर लावून. डिस्कचा खड्डा आडवा-उभा दोन्ही छेदांत पाहावा, कारण एकाच तिरप्या छेदात खड्ड्याची कड सरकलेल्या पडद्यासारखी रेघ दाखवते. खरा सरकलेला पडदा डिस्कला धरून असतो आणि डोळा हलवल्यावर मागून लाटेसारखा हलतो.

सगळ्यांनी मान्य केलेले एकच वेळापत्रक नाही. मी असे ठेवीन: पहिल्या वर्षाच्या बाळाला दर तीन महिन्यांनी, त्यानंतर साधारण सात वर्षांपर्यंत दर चार महिन्यांनी, फार तर सहा. मूल स्वतः नजर नीट सांगू लागले आणि ओसीटी स्थिर असेल तर वर्षातून एकदा, तेही आयुष्यभर. या मुलीसाठी चार महिने, आणि दोन भेटींच्या मधली एक तपासणी तुमच्याकडे.

डिस्कच्या कडेपुरते उथळ पाणी दिसले आणि मॅक्युला कोरडा असेल तर लगेच शस्त्रक्रिया करायलाच हवी असे नाही. काही मुलांत ते आपोआप जिरते. पण मग चार महिने थांबायचे नाही, दोन आठवड्यांनी त्याच रेषांवर ओसीटी. पाणी पुढे सरकते आहे किंवा मॅक्युलाखाली शिरले असे दिसले की विट्रेक्टॉमी (विट्रियस काढण्याची शस्त्रक्रिया). मुलांत विट्रियस पडद्याला घट्ट चिकटलेले असते, ते सोडवणे हाच अवघड भाग. डिस्कभोवती लेसर देताना मॅक्युलाच्या बाजूला हात आखडता घ्यावा लागतो, नाहीतर जी थोडी नजर आहे तिचेच तंतू जळतात. आज पडदा जागेवर असताना 'खबरदारी म्हणून' डिस्कभोवती लेसर मारून घ्यावे असे कोणी सुचवले तर मी या मुलीत ते करणार नाही.

उत्तर · बालदृष्टी_ऑप्टो

वरचे सगळे मोठ्या केंद्रातले झाले. तुमच्या टेबलावर जे आहे त्यात रेटिनोस्कोप सर्वांत कामाचा, आणि त्याचा हा उपयोग फार थोडे लोक करतात.

मॅक्युलाखाली पाणी आले की पडदा पुढे येतो, आणि डोळ्याचा नंबर प्लसकडे सरकतो. पडदा १ मिमी पुढे आला तर जवळपास ३ डायॉप्टरचा फरक. म्हणून दोन्ही डोळ्यांची सायक्लोप्लेजिक (थेंबांनी डोळ्याचे फोकस सैल करून) रेटिनोस्कोपी एकाच पद्धतीने दर भेटीत करा. डावा डोळा जागच्या जागी आणि उजवा अचानक दीड-दोन डायॉप्टर प्लसकडे, किंवा रिफ्लेक्स (बाहुलीतून परतणारा उजेड) मंद आणि फुटका झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता पाठवा. सुरुवातीलाच एक अडचण ध्यानात ठेवा: खोल डिस्कवर रेष पडली तर नंबर मायनसकडे चुकतो. मूल नेमके तुमच्या उजेडाकडेच बघते आहे याची खात्री करा, आणि उजव्या डोळ्याची स्थिरता कमी असेल तर डावा झाकून पाहा.

थेंब: सायक्लोपेंटोलेट १ टक्का, एक थेंब, पाच ते दहा मिनिटांनी दुसरा, आणि ३० ते ४५ मिनिटांनी रेटिनोस्कोपी. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा एक मिनिट दाबून धरा. औषध घशात कमी उतरते, चेहरा लाल होणे, बरळणे, झोप येणे कमी होते. मुलीला कधी झटके आले असतील तर सायक्लोपेंटोलेट आधी डॉक्टरांना विचारूनच. एका भेटीत ॲट्रोपिन मलम आणि दुसऱ्या भेटीत सायक्लोपेंटोलेट असे करू नका. फरक थेंबांचा की पाण्याचा, हे मग कळत नाही.

डायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोपने अंधाऱ्या खोलीत, हातभर किंवा थोड्या जास्त अंतरावरून, दोन्ही बाहुल्या एकाच वेळी पाहा. या डोळ्यात डिस्कच मोठी आणि पांढरी, त्यामुळे काही दिशांना रिफ्लेक्स आधीच पांढुरका असणार. त्याने दचकू नका आणि दुर्लक्षही करू नका. मूल समोर, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पाहत असताना कुठे पांढरे दिसते हे आजच लिहून ठेवा. पूर्वी लाल असलेली दिशा राखाडी झाली की ती बातमी आहे. आरएपीडीही असाच. तो पहिल्यापासून आहे, म्हणून 'आरएपीडी आहे' या नोंदीला काही अर्थ नाही. किती आहे ते लिहा. न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (उजेड मोजून कमी करणाऱ्या काचा) नसतील तर निदान एक ते चार अशी प्रत लावा, आणि प्रत लावणारी व्यक्ती शक्यतो तीच असू दे.

नजर मोजताना डावा डोळा चिकटपट्टीने झाका. हाताने किंवा प्लास्टिकच्या झाकणीने झाकला तर चार वर्षांचे मूल बाजूने डोकावतेच. झाकल्यावर उजवा डोळा थरथरू लागला तर पट्टी काढा, डाव्यापुढे ५ डायॉप्टरचे प्लस भिंग धरून मोजा. कोणत्या पद्धतीने मोजले ते लिहा, आणि पुढच्या वेळी तीच वापरा. एक मीटर तर एकच मीटर, फूटपट्टीने.

आता पट्टीबद्दल. 'नसच खराब आहे, पट्टीने काय होणार' असे सांगून अनेक मुलांना परत पाठवले जाते, ते मला अजिबात पटत नाही. नसेचा दोष आणि आळशी डोळा हे दोन्ही एकाच डोळ्यात असू शकतात, त्यातला दुसरा भाग सुधारतो. पूर्ण नंबरचा चष्मा आधी, काही आठवड्यांनी नजर परत मोजा, मग रोज दोन ते सहा तास पट्टी. तीन-चार महिने नीट लावूनही ओळभरसुद्धा फरक नसेल तर थांबवा, मुलीला उगाच त्रास नको. पट्टीचा दुसरा फायदा या धाग्याच्या कामाचा आहे: पट्टीच्या वेळात आई रोज कमजोर डोळ्याचे काम पाहते. कालपर्यंत पट्टी लावून डब्यातली खेळणी उचलणारे मूल आज पट्टी ओरबाडू लागले, भिंतीला धडकू लागले, तर ते हट्ट म्हणून सोडायचे नाही.

घरच्या वहीसाठी सोपी रीत. गडद एकरंगी कापड, दाराजवळची तीच जागा, दिवसाची तीच वेळ, डाव्या डोळ्याला पट्टी. कापडावर आधी पांढरी मोठी बटणे, मग वाल, मग साबुदाणा, प्रत्येकी पाच. किती उचलले ते लिहायचे. आठवड्यातून एकदा पुरे. जवळ बसूनच करायचे, दाणे नाकात-घशात जातात. ही काही प्रमाणित चाचणी नव्हे, बारीक घट तिने कळणार नाही. पण बटणे उचलणारा डोळा बटणेही चुकवू लागला तर आईला ते त्याच दिवशी कळते. चांगल्या उजेडात, त्याच अंतरावरून, मोबाइलचा फ्लॅश लावून महिन्यातून एकदा फोटो काढून ठेवायला सांगा.

चष्मा पॉलिकार्बोनेटचाच, डाव्या डोळ्याला नंबर शून्य असला तरी. विटी-दांडू, टेनिस बॉलचे क्रिकेट, दिवाळीतले फटाके यांत डावा डोळा सांभाळणे हे उजव्याच्या पडद्याइतकेच मोठे काम आहे.

उत्तर · बालनेत्र_डॉ

एमआरआय हवाच. आणि फक्त मेंदूचा नको, सोबत एमआरए, म्हणजे मान आणि डोक्याच्या रक्तवाहिन्यांचे एमआर चित्रण. दोन कारणे.

पहिले, मॉर्निंग ग्लोरीसोबत कवटीच्या तळाशी, स्फेनॉइड हाडातून मेंदूचे आवरण आणि कधी पिट्युटरीचा भाग खाली उतरलेला असतो. डोळ्यांमधले अंतर जास्त, नाकाचे बूड रुंद, वरच्या ओठाला किंवा टाळूला फट, झोपेत तोंडाने श्वास, अशा खुणा असतील तर संशय आणखी पक्का. नाकात किंवा घशाच्या मागे दिसणारा मऊ गोळा अशा मुलात 'पॉलिप' समजून कापला तर जीव जाऊ शकतो. म्हणून एमआरआय होईपर्यंत मुलीच्या कार्डावर लाल शाईने लिहा: नाकातल्या गाठीला हात लावू नये. एमआरआय मागताना मध्यरेषेचे बारीक छेद, पिट्युटरी आणि स्फेनॉइड असे स्पष्ट लिहा. नुसते 'मेंदू' लिहिले तर जाड छेदांत तो दोष सुटतो.

दुसरे, काही मुलांत कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणाऱ्या) रोहिण्या अरुंद असतात, मोयामोया (त्या रोहिण्या हळूहळू बंद होण्याचा आजार) असतो. मानेवर किंवा चेहऱ्यावर मोठा रक्तवाहिनीचा लाल डाग असेल तर फेस (PHACE) संलक्षणाचा, म्हणजे असा डाग आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे दोष एकत्र असण्याचा, विचार करावा.

भुलीची भीती समजण्यासारखी आहे. चार वर्षांच्या मुलीला काही केंद्रांत तोंडावाटे शामक देऊन किंवा झोप न झालेल्या अवस्थेत नेऊनही एमआरआय होतो. भूल लागलीच तर त्याच भुलीत डोळ्यांची पूर्ण तपासणी, ओसीटी, फोटो आणि बी-स्कॅन एकत्र उरकायचे. ते आधी फोनवर ठरवावे लागते. उपाशी ठेवण्याचा नेहमीचा नियम जेवण सहा तास, पाणी दोन तास. मोयामोयाची शंका असलेल्या मुलाला मात्र रात्रीपासून कोरडे ठेवणे चुकीचे. पाणी कमी पडले, रक्तदाब उतरला, किंवा मूल जोराने रडून धाप लागली की मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. त्या दिवशीच्या भुलीच्या यादीत पहिला क्रमांक, पाणी दोन तास आधीपर्यंत, आणि भूलतज्ज्ञाच्या हातात निदानाचा कागद आधीच.

हार्मोनचे राहिले. उंची दर सहा महिन्यांनी भिंतीवर, चप्पल काढून. सकाळचा कॉर्टिसॉल, सोडियम आणि फ्री टी-४. नुसते टीएसएच पाठवू नका. पिट्युटरीच कमी काम करत असेल तर टीएसएच नॉर्मल येतो आणि थायरॉइडची कमतरता लपते. मूल रात्री उठून पाणी मागते, लघवी फार होते, आजारपणात सुस्त पडते, साखर उतरते, हे सगळे विचारा.

नेत्र_ग्रामीण

सर्वांचे आभार. एक पुरवणी प्रश्न. माझ्या यादीत कोलोबोमाची (डोळ्याचा भाग जन्मतः अपुरा राहणे) दोन आणि डिस्क हायपोप्लासियाचे (डिस्क जन्मतः लहान असणे) एक मूल आहे. त्यांना हेच वेळापत्रक लावू का?

उत्तर · पडदा_विट्रियस

नाही. प्रत्येकाचा धोका वेगळ्या जागी आणि वेगळ्या वयात आहे.

डिस्क हायपोप्लासियात डिस्क लहान, नस बारीक, पण त्यामुळे पडदा सरकत नाही. तिथे वरच्या डॉक्टरांनी सांगितलेले हार्मोन आणि वाढ हेच मुख्य. वारंवार बाहुली मोठी करून पडदा बघण्याने त्या मुलाला काही मिळत नाही.

कोलोबोमा गर्भाच्या पाचव्या ते सातव्या आठवड्यात खालची फट नीट न मिटल्याने होतो, म्हणून तो खाली आणि नाकाच्या बाजूला असतो. त्या भागात कोरॉइड (पडद्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर) नाही, फक्त पातळ पापुद्र्यासारखा पडदा. छिद्र त्याच पापुद्र्यात पडते आणि मागे पांढरा स्क्लेरा (डोळ्याचे बाहेरचे कवच) असल्याने दिसत नाही. पाणी आधी कोलोबोमाच्या आत साचते, मग कड ओलांडून चांगल्या पडद्याखाली जाते. कड ओलांडण्याआधी पकडले तर कडेवर लेसरच्या ओळी देऊन थांबवता येते. म्हणून ओसीटीच्या रेषा कडेला काटकोनात हव्यात. कोलोबोमा डिस्कला गिळून असेल तर मॅक्युलाच्या बाजूची कड लेसरविना सोडावी लागते, आणि शस्त्रक्रियेचा निकालही त्यावर ठरतो. पडदा जागेवर असताना खबरदारीचे लेसर करावे की नाही, यावर पडदातज्ज्ञांत दुमत आहे. मुलगा खेळकर, दुसरा डोळा निकामी, केंद्र लांब, अशा वेळी मी करण्याच्या बाजूने आहे. कोलोबोमात सहा महिन्यांची तारीख ठीक, पण धोका तरुणपणातही तसाच राहतो, त्यामुळे शाळा सुटली म्हणून तपासणी सुटू नये.

कोलोबोमाच्या दोन्ही मुलांची श्रवणचाचणी, हृदयाची इको, मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन झाले आहे का ते पाहा. आईवडिलांचीही बाहुली मोठी करून तपासा, त्यांच्यात छोटा कोलोबोमा अनेकदा आयुष्यभर न कळता राहिलेला असतो.

आणि यादीत कधी डिस्कचा पिट आला तर: साधारण दहा हजारांत एक. डिस्कच्या बाहेरच्या-खालच्या बाजूला राखाडी खळगा. मॅक्युलात पाणी बहुधा विशी-तिशीत येते. मुलांत आले तर काहीदा आपोआप ओसरते. या मुलांना सात-आठ वर्षांनंतर ॲम्सलरची जाळी (मॅक्युलाची नजर तपासायचा चौकटींचा कागद) घरी द्या, एक डोळा झाकून, आठवड्यातून एकदा.

उत्तर · बालदृष्टी_ऑप्टो

पाठवायची वेळ आली तर चिठ्ठीत 'पडदा सरकल्याची शंका' एवढेच न लिहिता तीन आकडे लिहा: मागची नजर आणि आजची, मागचा नंबर आणि आजचा, फरक किती दिवसांत दिसला. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून पुढे पाठवताना यावरूनच त्या दिवशी बोलवायचे की पुढच्या आठवड्यात हे ठरते. तोपर्यंत मुलीला पट्टी लावू नका, धावपळ थांबवा, आणि निघण्याआधी काय कधी खाल्ले ते लिहून द्या.

शस्त्रक्रियेत वायू भरला असेल तर तो जिरेपर्यंत विमान नाही, आणि महाबळेश्वरसारख्या १३०० मीटरहून उंच ठिकाणीही नेऊ नका, डोळ्याचा दाब चढतो. सी३एफ८ (डोळ्यात भरायचा एक वायू) जिरायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्या काळात दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची झाली तर नायट्रस ऑक्साइड चालत नाही, हे मनगटावरच्या पट्टीवर लिहून ठेवायला केंद्राला सांगा. लहान मुलांना पालथे झोपवणे जमत नसल्याने बहुधा सिलिकॉन तेल भरतात. ते साधारण तीन ते सहा महिन्यांनी काढतात, आणि तेवढ्या काळात डोळ्याचा दाब, मोतीबिंदू आणि बदललेला नंबर तुमच्याकडेच पाहिला जाणार आहे. तेलामुळे नंबर प्लसकडे सरकतो. तो पाण्याचा समजून घाबरू नका, पण तेल असतानाचा चष्मा वेगळा करून द्या, पट्टीचे काम थांबता कामा नये.